कोंबाचं पहिलं ऊन

(स्मृतिव्याख्यानमालेत दिलेलं व्याख्यान)



ज्यांच्या नावानं ही व्याख्यानमाला चालते त्यांना मी आयुष्यभर नुसतं ‘सर’ म्हणत आले. व्यासपीठावर उभी राहून वेगळं काही म्हणायला गेले तर जीभ अडखळेल, म्हणून आजही सरच म्हणते. विषय कळवला तेव्हा संयोजकांचा फोन आला. “बाई, अतिनील किरण म्हणजे ओझोनला पडलेल्या भोकाबद्दल बोलणार का?” मी म्हटलं, थोडंसं त्याबद्दल, बरंचसं मोहरीच्या रोपांबद्दल. पलीकडे क्षणभर शांतता. मग ते म्हणाले, “चालेल. मग रोपंच घेऊन या.” तर आणली आहेत. ह्या टेबलावर दोन ट्रे दिसतात ना, ते. त्यांच्याकडे शेवटी वळू.

गोष्ट माझ्या एका चुकीपासून सुरू होते. मी तेव्हा प्रयोगशाळेत नवी होते. ऊतिसंवर्धनाच्या कामाला लॅमिनार फ्लोची पेटी असते आणि तिच्यात जंतू मारायला अतिनील किरणांची एक नळी असते. काम सुरू करण्याआधी नळी वीस मिनिटं लावायची, मग बंद करायची आणि मगच हात आत घालायचे, असा नियम. त्या दिवशी पाच दिवसांच्या मोहरीच्या रोपांचे दोन ट्रे कुणीतरी आत ठेवले होते. ते ‘कुणीतरी’ म्हणजे मीच. नळी लावली आणि चहाला गेले. परत आल्यावर ट्रे दिसले आणि पोटात गोळा आला. पण रोपांना काही झालेलंच नव्हतं. हिरवीगार, ताठ. मला वाटलं, सुटले.

तरी मनात भीती होतीच. एक ट्रे मी सरांच्या नजरेला पडू नये म्हणून अंधाऱ्या कपाटात सरकवला. दुसरा कपाटात मावेना, म्हणून खिडकीच्या काचेआड इतर ट्रेंच्या रांगेत ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी खिडकीतल्या रोपांचं रूप पालटलं होतं. दलं, म्हणजे बीमधून निघालेली पहिली दोन पानं, वरून तांबूस-तपकिरी झाली होती, त्यांच्यावर वार्निश फिरवल्यासारखी चकाकी होती, कडा वर वळल्या होत्या. उलटून पाहिलं तर खालची बाजू हिरवीच. आणि जिथं एका दलाची सावली दुसऱ्यावर पडली होती, तिथं सावलीच्या आकाराचा हिरवा डाग तसाच उरला होता. उन्हानं किंवा पाण्याच्या ताणानं करपलेलं पान असं दिसत नाही. ते कडेकडेनं वाळतं, कागदासारखं होतं. हे दुखणं वरून आलेलं होतं आणि वरच्यावरच थांबलेलं होतं.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी खिडकीतल्या रोपांच्या दोन भाजक्या दलांमधून खऱ्या पानाची टोकं दिसू लागली. कपाटातली मात्र माना टाकून बसली होती. मी सरांकडे जाऊन सगळं कबूल केलं. रागावतील असं वाटलं होतं. सरांनी दोन्ही ट्रे बघितले, चष्मा पुसला आणि विचारलं, “अंधारात ठेवलेली, पण नळीखाली न गेलेली रोपं कुठं आहेत?”

नव्हती, अर्थातच. अंधारात तर कुठलंही रोप पिवळं पडतं, लांबतं, लोळतं. मग माझी रोपं किरणांनी मेली की काळोखानं, हे ठरवायचं कसं? चुकून झालेल्या गोष्टीला प्रयोग म्हणता येत नाही, एवढं त्या एका प्रश्नानं शिकवलं. मग चार ट्रे लावले. एक नळीखाली न जाता उजेडात, एक नळीखाली न जाता अंधारात, एक नळीखालून थेट खिडकीत, एक नळीखालून अंधारात. अंधारातले दोन्ही ट्रे दोन दिवसांनी बाहेर काढले. नुसता अंधार सोसलेली रोपं फिकट होती, पण उजेडात येताच सावरली. नळीखालून खिडकीत गेलेली जवळजवळ सगळी जगली. नळीखालून अंधारात गेलेल्यांतली बरीच गेली. म्हणजे मार बसल्यानंतर लगेच उजेड मिळतो की नाही, ह्याला महत्त्व होतं. ज्या जातीच्या गोष्टीनं मारलं, त्याच जातीच्या गोष्टीनं वाचवलं होतं. प्रकाशानं.

सर हसून म्हणाले, “बाई, तुम्हाला केल्नर भेटला.”

हा अल्बर्ट केल्नर अमेरिकेत कोल्ड स्प्रिंग हार्बरला काम करायचा. स्ट्रेप्टोमायसिन ज्याच्यापासून मिळतं तो सूक्ष्मजीव, स्ट्रेप्टोमायसिस ग्रिसियस, तो अतिनील किरणांखाली धरायचा. नवनवी उत्परिवर्तनं मिळावीत, त्यांतून एखादं नवं प्रतिजैविक हाती लागावं, हा हेतू. पण एकाच मात्रेला एकदा भरपूर बीजाणू जगत, एकदा जवळजवळ सगळे मरत. आकडे काही केल्या जुळेनात. तापमानामुळे असेल असं वाटून त्यानं तापमान पकडून ठेवायला पाण्याची टाकी वापरली, तरी गोंधळ तोच. टाकी काचेची होती आणि खिडकीजवळ होती. एका वेळी उजेड जास्त, एका वेळी कमी. शेवटी लक्षात आलं की बीजाणूंना जगवणारी ऊब नव्हती, खिडकी होती. मुद्दाम उजेड देऊन पाहिलं तेव्हा जगणाऱ्यांची संख्या लाख पटींहून अधिक वाढली. हे १९४९ सालचं. त्याच वर्षी रेनातो दुल्बेको ह्यालाही जिवाणूंच्या विषाणूवर काम करताना हीच गोष्ट दिसली. टेबलावर रचलेल्या थाळ्यांपैकी ट्यूबलाइटच्या जवळच्या थाळ्यांत विषाणू जास्त जगलेले. खिडकी आणि दिवा ह्या दोघांच्याही प्रयोगाच्या यादीत नसलेल्या गोष्टी होत्या. प्रयोगशाळेत काम करणाऱ्या मुलामुलींना मी ही गोष्ट नेहमी सांगते. नोंदवहीत तारीख लिहिता तशी खिडकी उघडी होती की बंद हेही लिहा.

आता हे किरण आहेत तरी काय. आमच्या वेळच्या पुस्तकांत त्यांना ‘जंबुपार’ म्हणत. जांभळ्याच्या पार, पलीकडचे. मला तो शब्द फार आवडे. पुढे ‘अतिनील’ रूढ झाला. नील म्हणजे निळा आणि हे तर जांभळ्याच्याही पुढचे, पण रूढ शब्दाशी भांडण्यात अर्थ नसतो. १८०१ साली जर्मनीतल्या येना इथं योहान रिटर ह्यानं लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात चांदीचा क्षार ठेवला. जांभळ्याच्या बाहेर, जिथं डोळ्याला काहीच दिसत नाही, तिथं तो सर्वांत लवकर काळा पडला. तिथपासून ही ओळख. ह्या किरणांचे तीन भाग करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ‘ए’, २८० ते ३१५चे ‘बी’ आणि त्याहून आखूड ते ‘सी’. माझ्या पेटीतली नळी ‘सी’ची होती, २५४ नॅनोमीटरची. सूर्याचे ‘सी’ किरण जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, ओझोन आणि हवा ते वरच गिळतात. ‘बी’चा बराच भाग अडतो, थोडा खाली येतो. शेतातल्या कोंबाला जो त्रास होतो तो ह्या थोड्याचा.

त्रास कसा, ते पोथीच्या उदाहरणानं सांगते. डीएनए म्हणजे चार अक्षरांत लिहिलेली लांबच लांब पोथी. त्यातलं एक अक्षर थायमिन. दोन थायमिन शेजारीशेजारी असतील आणि त्यांच्यावर अतिनील किरण पडला, तर ती दोन अक्षरं एकमेकांना चिकटतात. पावसाळ्यात दमट हवेनं पोथीची लागोपाठची दोन पानं चिकटावीत, तशी. पोथी फाटत नाही, एकही अक्षर गळत नाही, पण वाचणारा तिथं येऊन अडखळतो. नक्कल करणारा तर थांबतोच. पेशीत ही नक्कल प्रत्येक विभाजनाच्या आधी करावी लागते. म्हाताऱ्या झाडाच्या पानात पेशी क्वचितच दुभागतात, तिथं चिकटलेली पानं थोडा काळ तशीच राहिली तरी चालतं. पण रोप म्हणजे जवळपास नुसती नक्कलच. शेंडा, मुळाचं टोक, उलगडू पाहणारं पान, सगळीकडे पेशी दुभागण्याची घाई. म्हणून एवढ्याशा माराचा एवढा बोभाटा रोपांत होतो. बाकीही नुकसान होतं. प्रकाशसंश्लेषणाची यंत्रणा बिघडते, पेशींच्या पडद्यांना इजा होते. ते मी आज सोडून देते.

चिकटलेली पानं सोडवणारा एक विकर असतो, फोटोलायेज. तो डीएनएवर जाऊन नेमक्या चिकटलेल्या जागी बसतो. पण नुसतं बसून काही होत नाही, त्याला उजेड लागतो, निळा किंवा ‘ए’ पट्ट्यातला. त्याच्या पोटात जो उजेड पकडणारा रेणू आहे तो ब-२ जीवनसत्त्वापासून बनतो. बी कॉम्प्लेक्सची गोळी घेतल्यावर लघवी पिवळी होते ना, तो पिवळेपणा ज्याचा, त्याच घराण्यातला. उजेड पडला की हा रेणू चिकटलेल्या अक्षरांना एक इलेक्ट्रॉन उसना देतो, बंध सुटतो, इलेक्ट्रॉन परत येतो. सगळा व्यवहार सेकंदाच्या अब्जाव्या भागाइतक्याही वेळात उरकतो. उसनं दिलेलं इतक्या लवकर परत आलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. हा विकर प्रकाशात काम करतो हे १९५०च्या दशकात क्लॉड रूपर्ट ह्यांनी दाखवलं आणि त्यांच्याच प्रयोगशाळेत आलेल्या अझीझ संजार ह्या तुर्कस्तानच्या डॉक्टरनं पुढे त्याचं जनुक हाती आणलं. डीएनएच्या दुरुस्तीवरच्या कामासाठी संजार ह्यांना २०१५ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल आणखी दोघांबरोबर मिळालं.

अंधारातही दुरुस्ती होते. खराब तुकडाच कापून काढायचा आणि नवा भरायचा, अशी दुसरी सोय वनस्पतींत आहे. पण ती सावकाश चालते आणि रोपाची मुख्य भिस्त उजेडातल्या दुरुस्तीवरच असते. चांगल्या उजेडात काही तासांत जे निस्तरतं, ते अंधारात दिवस उलटला तरी रेंगाळतं. कपाटातल्या माझ्या रोपांचं हेच झालं. आपल्याकडे मात्र हा विकर नाही बरं का. कांगारूकडे आहे. बेडकाकडे आहे. गर्भाशयात वार असलेल्या सस्तन प्राण्यांच्या वाटेवर तो कुठंतरी हरवला. त्यामुळे आपली कातडी पूर्णपणे त्या कापाकापीवर विसंबून आहे. टेबलावरची मोहरी ह्या एका बाबतीत माझ्यापेक्षा वरचढ.

आता खिडकीच्या काचेकडे परत येऊ. सरांनी मला काचेचा मुद्दा मुद्दाम सांगितला नव्हता, तो मला वर्षभरानं सुचला. खिडकीची साधी काच ‘बी’ किरण जवळजवळ सगळे अडवते. निळा उजेड आणि ‘ए’चा बराचसा भाग आत सोडते. म्हणजे जखम करणारा उजेड बाहेर आणि औषधाचा उजेड आत. नकळत मी त्या ट्रेला मिळू शकला असता तेवढा चांगला दवाखाना दिला होता.

शेतात असा दवाखाना नसतो. तिथं मारणारा आणि वाचवणारा उजेड एकाच किरणशलाकेतून उतरतो, आणि रोपाला जेवायलाही त्याच उन्हात बसावं लागतं. आपण सावलीला जातो. रोप कुठं जाणार? मग ते आधीपासून काय तयारी करतं?

पहिली तयारी मातीतच. मोहरीचा कोंब सरळ डोकं वर काढून येत नाही. तो मान वाकवून, आकडीसारखा वाकून येतो आणि पाठीनं माती ढकलतो. त्यामुळे शेंडा दलांच्या कुशीत राहतो. दुसरी तयारी आईनं बांधून दिलेल्या शिदोरीची. मोहरीच्या दाण्यात सिनापिन नावाचा पदार्थ असतो. लॅटिनमध्ये मोहरीला सिनापिस म्हणतात, त्यावरून हे नाव. बी रुजलं की ह्या शिदोरीतून रोप एक बिनरंगी पदार्थ करून वरच्या कातडीतल्या पेशींत साठवतं आणि तो पदार्थ ‘बी’ किरण पिऊन टाकतो. ह्याच कुळातल्या अॅराबिडॉप्सिस नावाच्या चिमुकल्या झाडावर जगभर संशोधन चालतं. त्यात असा एक वाण सापडला की ज्याला हा पदार्थ करताच येत नाही. अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरलं की नेहमीचं झाड निळसर दिसतं आणि हा वाण लाल. वरचं आवरण नसल्यानं आतलं हरितद्रव्य उघडं पडतं आणि तेच लाल चमकतं. असं उघडं झाड ‘बी’ किरणांत टिकत नाही.

इथं एक गैरसमज दूर करते, कारण दर वर्षी कुणीतरी विचारतं. आंब्याची कोवळी पालवी तांबूस असते, कोशिंबाची तर लालभडक, पिंपळाची गुलाबी. हा लाल रंग म्हणजे उन्हाची छत्री का? अंशतः असेल, पण अतिनीलची छत्री म्हणून तो लाल रंग फारसा कामाचा नाही. तो प्रामुख्यानं हिरवा उजेड शोषतो. लाल रंग किडीला चकवण्यासाठी की जादा उजेडाचा मारा कमी करण्यासाठी, ह्यावर अभ्यासकांत अजून वाद आहेत. अतिनील अडवणारी खरी मंडळी बहुतेक बिनरंगी किंवा फिकट पिवळी असतात आणि आपल्या डोळ्याला दिसतच नाहीत. डोळ्यात भरतं त्यालाच आपण कर्तबगार समजतो.

तिसरी तयारी मला सर्वांत सुंदर वाटते. झाडाला ‘बी’ किरण आले हे कळतं कसं? हा प्रश्न बरीच वर्षं लोंबकळत होता. लाल उजेड ओळखणारे रेणू माहीत होते, निळा ओळखणारेही. २०११ साली उत्तर मिळालं. यूव्हीआर-८ नावाचं प्रथिन. ते जोडीनं राहतं, दोन रेणू एकमेकांचे हात धरून. ‘बी’ किरण पडला की हात सुटतात. सुटलेला रेणू पेशीच्या केंद्रात कामाला लागतो आणि तिथून आज्ञा सुटतात. ऊन अडवणारे पदार्थ वाढवा, फोटोलायेज वाढवा, खोड आवरतं घ्या, पान जाड करा. म्हणजे ढाल आणि वैद्य दोघांना एकाच दूताचं बोलावणं. किरण थांबले की पुन्हा जोड्या जमतात. उजेड पकडणाऱ्या इतर प्रथिनांना एखादा रंगीत रेणू सोबतीला घ्यावा लागतो. ह्याला तसला बाहेरचा पाहुणा लागत नाही. प्रथिनाच्याच अंगातलं ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल किरण टिपतं.

म्हणून उन्हाची थोडी चव घेतलेलं रोप आणि कधीच न घेतलेलं रोप ह्यांत फरक पडतो. सगळ्याच रोपांना हे सारखं जमतं असंही नाही. जपानमध्ये तोहोकू विद्यापीठात जून हिदेमा आणि सहकाऱ्यांनी भातावर बरंच काम केलं. तिथला सासानिशिकी हा वाण ‘बी’ किरणांत तग धरतो, नोरिन-१ मात्र खुरटतो. ढाल दोघांकडे होती, फरक वैद्यात होता. नोरिनच्या फोटोलायेजमध्ये १२६व्या जागेवरचं एकच अमिनो आम्ल बदललेलं, ग्लुटामिनच्या जागी आर्जिनिन. तेवढ्यानं वैद्याचा हात जड झाला. बंगालकडच्या सुरजमुखी नावाच्या भातात असा आणखी एक बदल सापडला आणि तो भात तर फारच नाजूक निघाला. नाव सुरजमुखी, आणि सूर्याला तोंड देण्यात सगळ्यांत मागे! आपल्याला वाटेल, जिथं ऊन कडक तिथले वाण कणखर असणार. आशियातल्या निरनिराळ्या भागांतले भाताचे वाण तपासल्यावर तसं काही सरळ नातं दिसलं नाही. माणसानं भात निवडला तो चवीसाठी, उतारासाठी, पाण्याच्या हिशेबानं. फोटोलायेजकडे कुणाचं लक्ष होतं?

आता ओझोन, संयोजकांना शब्द दिला होता म्हणून. वातावरणातला सगळा ओझोन खाली आणून समुद्रसपाटीच्या दाबाला पसरला, तर थर भरेल जेमतेम ३ मिलिमीटर. आपल्या उष्ण कटिबंधात त्याहूनही पातळ, अडीच मिलिमीटरच्या आसपास. त्यात मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस पुण्यामुंबईकडे सूर्य थेट डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. म्हणजे किरणांना हवेतून येण्याचा रस्ताही सर्वांत आखूड. आपल्या आभाळाला भोक पडलेलं नाही. आपलं पांघरूण मुळातच पातळ आहे आणि आपली झाडं त्याच पांघरुणाखाली वाढत आली आहेत. हा ओझोन मोजण्याचं काम आपल्याकडे फार आधी सुरू झालं. पुणेकर ज्याला शिमला ऑफिस म्हणतात त्या वेधशाळेत काम केलेल्या अ‍ॅना मणी ह्यांनी १९६०च्या दशकात फुग्याला बांधून आकाशात सोडायचं, ओझोन मोजणारं भारतीय बनावटीचं उपकरण तयार करून घेतलं. त्या काळात यंत्रशाळेत एक बाई आपल्या हाताखालच्या माणसांकडून इतकं नेमकं काम करवून घेते, हे सरांना फार कौतुकाचं वाटे. मला ते नाव पहिल्यांदा त्यांच्याच तोंडून कळलं.

दक्षिण ध्रुवावरचा ओझोन वसंत ऋतूत विरळ होतो हे १९८५ साली ब्रिटिश शास्त्रज्ञांनी जाहीर केलं, १९८७ साली माँट्रियलचा करार झाला. त्या सुमाराला जगभर धास्ती होती की पिकं जळून जातील. दिव्यांखालच्या प्रयोगांत तसं दिसतही होतं. पण त्या प्रयोगांत एक खोट होती. खोलीतल्या दिव्यांत ‘बी’ भरपूर आणि निळा उजेड, ‘ए’ उजेड फार कमी. म्हणजे मार पुरा आणि औषध अर्धवट. उघड्या शेतात तेच प्रयोग केले तेव्हा नुकसान बरंच कमी भरलं. १९९२ साली अमेरिकेत ब्रूकहेवनच्या प्रयोगशाळेत तर थेट लसूणघासाच्या रोपांवर मोजणी झाली, आपण जनावरांना घालतो तोच लसूणघास. परीक्षानळीतल्या उघड्या डीएनएवरून केलेले अंदाज जिवंत रोपाला लागू पडले नाहीत. आखूड किरण आत पोचेपर्यंतच रोपाची कातडी त्यांना अडवत होती. ह्याचा अर्थ धोका नव्हता असा नाही. अर्जेंटिनाच्या दक्षिण टोकाला तिएर्रा देल फुएगोमध्ये गुन्नेरा नावाची एक रानवनस्पती आहे. ओझोनचं ते विरळ आभाळ डोक्यावरून सरकत गेलं, त्या दिवसांत तिच्या पानांत डीएनएचे घाव वाढलेले मोजले गेले. घाव खरे आणि दुरुस्तीही खरी. धास्ती घालणाऱ्यांनी पहिलं सांगितलं, धास्ती उडवून लावणाऱ्यांनी दुसरं. दोन्ही एकत्र ऐकायला सभेत कुणी थांबत नाही.

इथं रोपवाटिकावाले बरेच दिसत आहेत, त्यांच्यासाठी थोडं. पॉलिहाऊसच्या २०० मायक्रॉनच्या कागदावर ‘यूव्ही स्टॅबिलाइज्ड’ लिहिलेलं असतं. पुष्कळांना वाटतं ते झाडाच्या रक्षणासाठी. ते कागदाच्या रक्षणासाठी असतं. प्लॅस्टिक उन्हानं ठिसूळ होऊ नये म्हणून. ह्याशिवाय अतिनील अडवणारे कागदही मिळतात. लाल गुलाबाच्या पाकळ्या काळवंडू नयेत म्हणून, किंवा पांढरी माशी आत भरकटावी म्हणून ते वापरतात, आणि त्या कामाला ते चांगले आहेत. पण अशा कागदाखाली वाढलेल्या टोमॅटोच्या, मिरचीच्या रोपानं ‘बी’ किरण कधी पाहिलेलाच नसतो. यूव्हीआर-८च्या जोड्या हातात हात घालून निवांत. ढाल नाही, वैद्यही कमी. रोप लांबट, पातळ पानाचं, पाणीदार. असं रोप तुमच्याकडचा जुना शेतकरी हातात धरतो आणि परत ट्रेमध्ये ठेवतो. त्याला ठेंगणं, गडद, बुंध्याला जाड रोप हवं असतं. प्रथिनाचं नाव त्याला माहीत नाही, पण निवड बरोबर असते.

हिरवी शेडनेट मात्र कागदासारखी नसते. ती सगळ्या उजेडाला जवळपास सारखीच चाळण लावते. मारही कमी, औषधही कमी, प्रमाण तेच. म्हणून कागदाखालचं रोप आधी नेटखाली आणि मग उघड्यावर, हा क्रम बरोबर आहे. ऊतिसंवर्धित केळीचं रोप बाटलीतून पॉलिहाऊसमध्ये, तिथून शेडनेटमध्ये आणि मग शेतात जातं ते ह्याचसाठी. बाटलीतल्या पानावर मेणाचा थरही पातळ असतो आणि पर्णरंध्रंही नीट मिटत नाहीत, त्यामुळे लावणीनंतरच्या करपण्याचं सगळं खापर अतिनीलवर फोडू नका. पाणी उडून जाणं हे त्यातलं मोठं कारण असतं. आठवडाभर ढगाळ राहून एकदम कडक उघडीप पडते आणि रोपं मान टाकतात, तेव्हाही दोन्ही एकत्र काम करत असतं. उघडीप पडणार हे आधी ओळखता आलं तर लावणी दुपारनंतर करावी. पहिले दोन दिवस रोपाला हळूहळू ऊन दाखवावं. एवढं मी सांगू शकते, बाकी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आणि मलाही नेहमी चकवते. भाजलेलं पान परत हिरवं होण्याची आपण वाट बघतो. ते होत नाही. त्या पानातल्या वरच्या पेशी मेल्या त्या मेल्या, तांबूस वार्निश उतरत नाही. मुळाच्या टोकाशी ज्या मूळ पेशी असतात त्यांतल्या काही तर डीएनएला इजा झाली की दुरुस्तीची वाट न बघता स्वतःच मरून जातात. चुकीची नक्कल पुढे द्यायची नाही म्हणून. त्यांच्या शेजारी काही पेशी अगदी सावकाश दुभागत असतात, त्या जागा भरून काढतात. रोप बरं होतं ते नवं पान काढून, जुनं पान बरं करून नव्हे. म्हणून रोप जगणार की नाही हे बघायचं तर करपलेल्या पानाकडे बघू नका, शेंड्याकडे बघा. पोंगा हिरवा आणि ओलसर असेल तर रोप उपटू नका.

ह्या दोन ट्रेमधली मोहरी मी दहा दिवसांपूर्वी पेरली. एका मित्राच्या प्रयोगशाळेत पाचव्या दिवशी दोन्ही ट्रे नळीखाली वीस मिनिटं ठेवले, ह्या वेळी जाणूनबुजून. डावीकडचा थेट खिडकीत ठेवला, उजवीकडचा दोन दिवस कपाटात ठेवून मग खिडकीत. नळीखाली न गेलेले दोन ट्रे घरी आहेत. सरांनी विचारलंच असतं, म्हणून तेही केले, पण रिक्षात मावले नाहीत. डावीकडे वाकून बघा. दलं पार भाजलेली आहेत, आणि मधोमध नखाएवढी दोन हिरवी पानं आहेत, कडेला दातरी, अंगावर लव. उजवीकडे अशी पानं मी सकाळी मोजली, सात रोपांना होती. जाताना दोन्ही बघून जा. फक्त हात लावू नका, उद्या ती शाळेत न्यायची आहेत.